राखणीचं पाणी

प्रतापगडाला चालले आहे म्हटल्यावर पुण्यात जो तो मला वाईवरून जा की महाडवरून, एवढंच सांगत होता. शेजारच्या काकूंनी तर भवानीआईच्या ओटीसाठी खण हातात दिला. मी तो गपचूप घेतला आणि उलट दिशेच्या गाडीत बसले. माझा प्रतापगड साताऱ्याचा नव्हता. महाराष्ट्राच्या पार पूर्वेला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्याच नावाचा एक डोंगर आहे. आणि तिथे मी निघाले होते एका प्राण्यापायी, जो त्या जिल्ह्यात नाही, महाराष्ट्रात नाही, अख्ख्या भारतात नाही.

प्राणी माझ्या पाकिटात मात्र होता. कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून बीव्हर बसलेला आहे. ते नाणं ओंटारियोतल्या मावसबहिणीने मला खाऊसारखं हातावर ठेवलं होतं. त्याआधी तिच्या घरामागच्या ओढ्यावर तासभर तोंड मिटून बसल्यावर खरा बीव्हरही दिसला होता. वीसेक किलोचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा, नारिंगी दातांचा उंदराच्या कुळातला प्राणी. तोंडात हिरवी फांदी धरून पोहत आला, काटक्यांच्या बांधात ती खोचली, पुढच्या पायांनी चिखल थापला आणि गेला. दहा मिनिटांनी परत हजर. बांध माझ्या कमरेइतका, आणि त्यामागे चांगलं दोन-तीन एकर पाणी. "रोज हेच," बहीण म्हणाली. "एका रात्रीची सुट्टी नाही." मला ते ऐकून त्याची कीवच आली होती.

मराठीत याला धड नाव नाही. पाणमांजर म्हणावं तर ते ऑटर, मासे खाणारं. बीव्हर पक्का शाकाहारी. आणि गंमत अशी, की इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं बीव्हर नदीत सोडून पाहण्याचा जो प्रयोग झाला, त्या नदीचंच नाव ऑटर! आपल्याला सगळ्यात जवळचा रानातला बीव्हर हवा असेल तर हिमालय ओलांडून, पार चीन-मंगोलियाच्या सीमेवर उलुंगूर नदीच्या खोऱ्यात जावं लागेल. म्हणून मी त्याऐवजी माणसांनी बांधलेल्या तळ्यांच्या मुलखात, अर्जुनीला उतरले.

डिसेंबरचे पहिले दिवस. धान कापून झालं होतं आणि बांध्या-बांध्यांतून पुंजणे उभे होते. आमच्याकडे शेताला बांध असतो, इथे शेताचा तुकडाच 'बांधी' आणि बांधाला 'धुरा' म्हणतात. देशावरच्या डोळ्यांना ही जमीन प्रथम चुकल्यासारखी वाटते. आपल्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारी चकती किंवा धरणाच्या भिंतीमागचा सरकारी ऐवज. इथे ते गावाला लागून, रस्त्याच्या बरोबरीने, कधी रस्त्यापेक्षाही वर असतं. रिक्षावाल्याला मी तीनदा विचारलं, "हा कुठला तलाव?" तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "बाई, असे विचारत बसाल तं रात्र होईल जी."

पूर्व विदर्भात असे जुने तलाव सात हजारांच्या घरात आहेत. त्यातला मोठा मानकरी नवेगावबांध, सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. सकाळी सहाला पाळीवर गेले तर समोर काहीच नव्हतं, नुसतं धुकं. मग त्यातून आधी आवाज आले, नंतर बदकं, आणि सगळ्यात शेवटी पलीकडचे डोंगर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या फटी मातीने बुजवून हे पाणी अडवलं, असं सांगतात. त्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात आणि त्यांनीच कोलूला बांधकामात हात दिला, अशी कथा आहे. कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला. जलसंपदेच्या कुठल्या अभियंत्याचा देव झालेला मला तरी ठाऊक नाही.

याच पाण्याच्या काठी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले, आणि माधवराव पाटील डोंगरवारांच्या तोंडून रानविद्या ऐकत त्यांनी मराठीला पाखरांची, झाडांची किती नावं दिली. 'नवेगावबांधचे दिवस' वाचून इथे येणारे बहुतेक जण जंगल बघायला येतात. मीही आधी तशीच आले असते. पण या वेळी डोक्यात काटक्यांचा बांध होता, त्यामुळे नजर पाण्याकडे कमी आणि पायाखालच्या मातीकडे जास्त जात होती. हे सरोवर कुणीतरी टोपलीने केलेलं आहे. त्यावर उतरणारी बदकं, काठचं वाघाचं रान, माझी सहाची भूपाळी, सगळं त्या टोपलीच्या मागून आलं.

बीव्हरचंही असंच. त्याला धरण बांधायची हौस नसते, त्याला पाणी खोल हवं असतं. घराचं दार पाण्याखाली राहावं म्हणजे लांडगा शिरत नाही, आणि हिवाळ्यात वर बर्फ धरलं तरी खाली साठवलेल्या फांद्या खाता येतात. बाकीचं सगळं आपसूक होतं. पाणी थांबलं की गाळ बसतो, आसपासच्या जमिनीत ओल मुरते, पुराचा जोर मोडतो, उन्हाळ्यात ओढा उशिरा आटतो. बुडालेली झाडं मरतात, त्यांच्या ढोलीत सुतार पक्षी येतात. उथळ काठाला बेडूक, मग बगळे. बीव्हर कालवेही खणतो, ओंडके तरंगत आणायला. या उद्योगी प्राण्याची युरोप-आशियात टोप्या आणि कातड्यासाठी इतकी कत्तल झाली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाराशेच्या आसपास उरले होते. आज ते दहा लाखांच्या पुढे गेले आहेत.

प्रतापगडाच्या वाटेवरच्या एका गावात जेवायला थांबले. हॉटेल नव्हतंच, कोहळी शेतकऱ्याच्या ओसरीवर "कोनाकडं आलात?" पासून सुरुवात झाली आणि "कोनाकडंच नाही" म्हटल्यावर "मंग आमच्याकडं" असा निकाल लागला. पुण्यात आम्ही पाहुण्याला आधी 'जेवून आलात का' विचारतो. इथे पाट मांडून झाल्यावर नाव विचारतात. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, तळ्यातल्या मरळ माशाचा लालभडक रस्सा. "वरून सांबार टाकू?" काकी म्हणाल्या. मला क्षणभर इडली आठवली. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे इथे शाळेआधी शिकवतात.

जेवणानंतर काका मला तलावावर घेऊन गेले. गावाचा तलाव, वर एक, त्याहून वर रानाच्या तोंडाशी लहानशी बोडी. वरच्याचा सांडवा मधल्यात, मधल्याचा खालच्यात. पाळीच्या पोटात एका जागी त्यांनी काठीने गवत बाजूला केलं. तिथे दगडात बसवलेली तोंडं होती, एकाखाली एक; वरचं उघडायचं, पाणी उतरलं की त्याखालचं. "हे तुडुम," काका म्हणाले. तिथून पाट निघतो आणि बांध्यांना पाणी जातं. कुणाला आधी, कुणाला नंतर, हे ठरवायला आणि रात्री पाट राखायला पूर्वी माणूस नेमलेला असे. त्याला सुगीला धान मिळे.

मी नाणं काढून दाखवलं. त्यांनी ते लांब धरलं, मग जवळ. "हा तं घूस हाय." हा धरण बांधतो, म्हटलं. "कायले?" राहायला. त्यांना ते पटलं. मग मी त्यांना लार्स विल्सन या स्वीडिश संशोधकाची गोष्ट सांगितली. त्याने माणसांत वाढवलेल्या, कधी धरण न पाहिलेल्या बीव्हरांना नुसता वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तर ते आवाजाच्या दिशेने काटक्या रचायला लागले. पाणी कुठे नव्हतंच. कानाला खळखळ सोसली नाही, बस. मला वाटलं होतं काका हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचा आजा पावसाळ्यात या पाळीवरच झोपे. म्हने, पान्याचा आवाज बदलला का डोळा उघडते. मंग कंदील घेऊन भोक शोधाचा. खेकड्याचं भोक बोटाएवढं रायते. सकाळवरी ठेवलं तं बैल जाईल एवढं होते."

खेकडा म्हटल्यावर मला २०१९ आठवलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण जुलैच्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली, आणि खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. आम्ही शहरातले लोक तेव्हा संतापून हसलो होतो. काकांच्या पाळीवर उभं राहून वाटलं, हसण्यात आमचंही अर्धंच बरोबर होतं. खेकडा पोखरतो हे खरंच आहे. विचारायला हवं होतं ते एवढंच, की त्या रात्री पाळीवर कोण झोपलं होतं?

या तलावांचा इतिहास त्या प्रश्नाशीच येऊन थांबतो. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातल्या जातिजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात आख्यायिका आहे, की चांद्याचा गोंड राजा काशीला गेला आणि तिथून या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांना घेऊन आला. जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा गोंडराजांचा बोल होता म्हणतात. पुढे मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी आली आणि तलाव मालगुजारांचे झाले. तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९५० चा कायदा झाला, १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. कागदावर त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव', बोलण्यात 'मामा तलाव'. मामा सगळ्यांचा असतो, पण म्हातारपणी त्याच्याकडे बघायचं कुणी, यावर भाचे एकमेकांकडे बघतात, तसंच झालं. मालगुजारांसाठी मी डोळ्यांतून पाणी काढणार नाही. वेठीची टोपली ज्यांच्या डोक्यावर होती त्यांच्या नातवंडांना विचारा. पण मालकी काढून घेताना तिच्यासोबत बांधलेली राखणही निघून गेली, आणि तिच्या जागी दुसरी काही उभी राहिली नाही, हे पाळीवरच्या झुडपांकडे बघितलं की कळतं.

निघताना काकूंचा खण मी काकींना दिला. त्यांनी हळदकुंकू लावून माझ्या ओटीत नवे तांदूळ घातले. ओटी शेवटी प्रतापगडाच्या वाटेवरच भरली गेली. काकूंना एवढं सांगायला हरकत नाही.

प्रतापगडाचा डोंगर दुरून एखाद्या जुन्या वाड्यासारखा दिसतो, कातळ आणि झाडी. वर महादेव आहे, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतून माणसांचा पूर लोटतो. मी गेले त्या दिवशी मी, माकडं आणि एक नारळवाले आजोबा, एवढेच होतो. एकाच टोपलीत बेल होता आणि चादरीवर वाहायची फुलंही. "दोन्हीकडं जा," आजोबा म्हणाले, आणि फुलांचे पैसे घेतले नाहीत. धाप लागल्यावर माणूस कुणाचंही नाव घेतो. मी दोघांचंही घेतलं.

वरून मी पाणी मोजायला लागले. उतरत्या उन्हात भातखाचरांत आरशाचे तुकडे पसरल्यासारखे तलाव चमकत होते. अकरापर्यंत मोजले, मग एक तुकडा तलाव की नुसती ओली बांधी ते ठरेना. एकाखाली एक, एकाखाली एक. ओंटारियोत बहिणीच्या नवऱ्याने ड्रोनवरून काढलेला फोटो असाच होता: एकाच ओढ्यावर जिन्यासारखी उतरणारी बीव्हरांची तळी. आल्बर्टातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात तर बीव्हरांनी बांधलेला साडेआठशे मीटरचा बांध आहे. तो माणसाला २००७ मध्ये सापडला, तोही उपग्रहाच्या चित्रात. अभियांत्रिकीच्या पुस्तकाशिवाय बीव्हर आणि कोहळी, दोघेही एकाच उत्तराशी आले: थोडं अडवा, खूप ठिकाणी अडवा, आणि उरलेलं खालच्याला जाऊ द्या.

मात्र बीव्हर म्हणजे वारकरीच, असंही नाही. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण टोकाच्या बेटावर फरसाठी काही बीव्हर नेऊन सोडले. तिथल्या झाडांना दात सोसण्याची सवय नव्हती, शिकारी प्राणी नव्हता. आज मैलोन्‌मैल मेलेली रानं पाण्यात उभी आहेत. पाणी अडवणं चांगलं की वाईट, हे जागा सांगते.

डोंगराच्या एका अंगाला पाण्याची मोठी चादर होती, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. त्याचं पाणी कालव्यांनी थेट वडसा-आरमोरीकडे जातं आणि तिकडची शेतं पिकवतं. त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. फक्त त्या पाण्याकडे बघताना कुणाच्या आजोबांची आठवण निघत नाही.

धरणाजवळच्या गोठणगावला पोचले तर रस्त्यावर पताका फडफडत होत्या. नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. धानाची शेतं, मधोमध बौद्धविहार, आणि अंगणात लोकरीची टोपी घालून उन्हात बसलेले म्हातारे. तरुण कुणी दिसेना. "स्वेटर विकाले गेले," एका आजींनी चक्क इकडच्या झाडीबोलीत सांगितलं. हिवाळ्यात सारी वसाहत शहरांच्या फुटपाथवर असते. माझी शाल त्यांच्यापैकीच कुणाकडून घेतलेली असणार. त्यांनी मोमो दिले, बरोबर मिरचीचा ठेचा. ठेचा मात्र अस्सल नागपुरी तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. मी पट्टकदंबांविषयी विचारलं, ते हंस इकडच्या तलावांवर उतरतात का? आजींनी डोक्यावर दोन बोटं आडवी ओढून पट्टे दाखवले. "येतात. आमच्या गावचे." तिबेटातली पाखरं हिवाळ्यात त्यांच्या दाराशी येतात, तेव्हा त्यांची मुलं दाराशी नसतात.

परतीच्या वाटेवर आणखी एका तलावापाशी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायका उकडलेले शिंगाडे विकत होत्या. काळी, शिंगं असलेली फळं. दाताने सोललं की आत पांढरा, गोडसर गर. बोलता बोलता कळलं की या तालुक्यात बायकांचे गट तलाव दुरुस्त करतात. दुरुस्ती म्हणजे आपल्या डोक्यात जेसीबी येतो. गाळ काढायला सरकारी योजनाही आहेत आणि गाळ काढायलाच हवा. पण यंत्राने तळ सरसकट खरवडला की पाणवनस्पतींची मुळं जातात, काठ उभा होतो. मग मासा अंडी कुठे घालणार आणि पाणपक्षी कुठे उभा राहणार? त्यातच गवत्यासारखे बाहेरचे मासे सोडले की उरलंसुरलं हिरवं तेच फस्त करतात. मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवरांकडूनच हे शिकत गेले: कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, कुठलं पाखरू काय खातं. मग उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बायकांनी तळाची माती हलवली आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती हाताने लावल्या, धानाची रोवणी करतात तशा. देशी मासे परत आले, मागून पाखरं.

बीव्हर तळ्यात काय करतो, हे आता मी शिंगाडे विकणाऱ्या एका बाईला सांगणार होते. पण तिने मला काठावर नेलं. काठ बेशरमने भरला होता, जांभळी फुलं डुलत होती. फोटोत सुंदर दिसतो. हे झुडूप एकदा शिरलं की तलाव कडेकडेने कोरडा होत जातो. ओढ्यावरचा बीव्हर मेला किंवा निघून गेला की त्याचाही बांध असाच ढासळतो, पाणी वाहून जातं आणि तळाच्या गाळावर कुरण उगवतं.

"मागल्या उन्हाळ्यात इथून तिथवरी उपटलं होतं," ती म्हणाली आणि हाताने अर्धा काठ दाखवला. मग फिरून आलं कसं? तिने वाकून चिखलातली एक तुटकी कांडी उचलली. बोटाएवढी जाड, करंगळीएवढी लांब. पेरापाशी पांढरी, ओली मुळं फुटली होती, आणि दुसऱ्या टोकाला दोन कोवळी पानं.

"एक कांडी वल्यात रायली का झालं," ती म्हणाली. म्हणून उपटलेलं सगळं पाळीच्या पलीकडे, कोरड्यात नेऊन वाळवावं लागतं. आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरावंच लागतं. ती कांडी तिने परत पाण्यात टाकली नाही. शिंगाड्याच्या टोपलीत ठेवली, घरी चुलीत घालायला.